ठिपक्यांवर जाऊ नका

कोपरला रुळांच्या कडेने रुई भरपूर वाढते. शनिवारी मारुतीच्या माळांसाठी तिची पानं तोडली जातात, एरवी तिच्याकडे कोणी बघत नाही. हिवाळ्यात तिच्या कोवळ्या शेंड्यांवर पिवळाधमक मावा बसतो आणि माव्यामागोमाग ढालकिडे येतात. केशरी-पिवळे, चकचकीत, पाठीवर काळ्या नागमोडी रेघा. पाच मिनिटं उभं राहिलं तर ते एकेक मावा उचलून खाताना दिसतात. तिथून थोड्या अंतरावर कोणी वांगी लावलेली असली, तर त्या पानांवरही ढालकिडे सापडतात. तेही अर्धगोल, तेही केशरी, तेही ठिपकेवाले. फक्त हे मावा खात नाहीत. हे वांग्याचं पानच खातात. पानाचा हिरवा गर खरवडून घेतात आणि मागे शिरांची जाळी उरते.

फोनने दोघांचे फोटो काढले तर दोन्हीला उत्तर बहुधा एकच येतं: लेडीबर्ड. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर थंडीत हा वाद ठरलेला असतो. कोणीतरी ग्रिलमधल्या कुंडीचा फोटो टाकतं. एक पार्टी म्हणते, ‘मारू नका, मित्रकीटक आहे.’ दुसरी म्हणते, ‘पानं खातोय, फवारा काहीतरी.’ गंमत अशी की दोन्ही पार्ट्या बरोबर असू शकतात, कारण प्रश्न नेमका कोण बसलाय हा आहे. एका नावाखाली दोन वेगळे जीव नोंदवले की काय होतं हे डेटाबेस सांभाळणाऱ्या कोणालाही ठाऊक असतं. इथे फरक एवढाच, की चुकीच्या नोंदीची किंमत झाड देतं, नाहीतर तो किडा.

हा गोंधळ व्हॉट्सॲपपेक्षा खूप जुना आहे. तो सोडवायला माणसांना अडीचशेहून जास्त वर्षं लागली, आणि त्या वर्षांची गोष्ट सांगण्यासारखी आहे.

एक जानेवारी १७५८

कॉम्प्युटरच्या युनिक्स घड्याळाचा शून्य क्षण १ जानेवारी १९७० हा आहे. त्या दिवशी विशेष काही घडलं नव्हतं, मोजणी कुठून तरी सुरू करायची म्हणून ती तारीख ठरवली. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांनाही असाच शून्य क्षण आहे: १ जानेवारी १७५८. स्वीडनच्या कार्ल लिनियसच्या ‘सिस्टिमा नॅचुरी’ या ग्रंथाची दहावी आवृत्ती त्या वर्षीची. पुस्तक नेमकं त्याच दिवशी आलं नव्हतं, पण नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनी ती तारीख गृहीत धरली आहे. त्याआधीचं कोणतंही नाव ग्राह्य नाही.

लिनियसची पद्धत आपल्याला शाळेपासून माहीत आहे. दोन शब्दांचं नाव, त्यातला पहिला शब्द आडनावासारखा, दुसरा त्या जातीचा स्वतःचा. सगळ्या ढालकिड्यांना त्याने एकच आडनाव दिलं: कॉक्सिनेला. मग त्यांच्यात फरक कसा करायचा? त्याने आधी पाठीचा रंग बघितला. लाल किंवा पिवळ्या पाठीवर काळे ठिपके असलेले एका गटात, लाल-पिवळ्यावर पांढरे ठिपकेवाले दुसऱ्या गटात, काळ्यावर लाल ठिपकेवाले वेगळे. त्यानंतर सरळ ठिपके मोजले. दोन ठिपक्यांचा, पाच ठिपक्यांचा, सात ठिपक्यांचा. नावंही तशीच, आकडा लिहून: ‘७-पंक्टाटा’, म्हणजे सात ठिपकेवाला.

प्रोग्रॅमिंगच्या बहुतेक भाषांमध्ये व्हेरिएबलचं नाव आकड्याने सुरू करता येत नाही. प्राणिशास्त्राच्या नियमांनीही पुढे नेमकं हेच ठरवलं. आकडा चालणार नाही, शब्दात लिहा. म्हणून आज तो ‘सेप्टेमपंक्टाटा’ आहे. पण अक्षरी लिहिला तरी आकडा आकडाच राहिला, आणि ठिपके ही ओळख म्हणून किती कच्ची आहे हे उघड व्हायला बराच काळ जावा लागला.

वांग्यावरचा अठ्ठावीस

लिनियसच्या विद्यार्थ्यांमध्ये योहान क्रिस्टियन फॅब्रिशियस नावाचा डॅनिश तरुण होता. पुढे तो अठराव्या शतकातला सर्वांत मोठा कीटकतज्ज्ञ झाला. आपल्या देशाशी त्याचा धागा तमिळनाडूच्या किनाऱ्यावरून जातो. तिथलं तरंगमबाडी तेव्हा डॅनिश वसाहत होतं, आणि योहान गेरहार्ड कोनिग हा लिनियसचाच दुसरा विद्यार्थी १७६८ पासून तिथे डॉक्टर म्हणून काम करत होता. त्याने जमवलेले बरेच हिंदुस्थानी कीटक युरोपात फॅब्रिशियसच्या हाती पडले.

कोपरच्या आपल्या दोन्ही पात्रांना शास्त्रीय नाव देणारा माणूस हाच. वांग्याचं पान खाणाऱ्याचं नाव त्याने १७७५ मध्ये छापलं: कॉक्सिनेला २८-पंक्टाटा, अठ्ठावीस ठिपक्यांचा. मावा खाणाऱ्याचं नाव १७८१ मध्ये आलं: कॉक्सिनेला सेक्समॅक्युलाटा, सहा डागांचा. दोघांचं आडनाव एकच.

गंमत म्हणजे फॅब्रिशियसने कीटकांच्या वर्गीकरणात मोठी क्रांती केली ती तोंडाच्या रचनेवरून. लिनियस पंख बघायचा, फॅब्रिशियसने जबडे बघायला सुरुवात केली, कारण तोंडावरून प्राणी काय खातो हे कळतं. तरीही ढालकिड्यांशी गाठ पडली तेव्हा त्यानेही ठिपकेच मोजले. आणि ‘सहा डागां’चा म्हणून ज्याला नाव दिलं त्याच्या पाठीवर आपल्याकडे बहुतेक वेळा नागमोडी रेघाच दिसतात. सहा शोधत बसलात तर चष्मा बदलावा लागेल.

केस पिंजारलेले आणि गुळगुळीत

पुढचं मोठं पाऊल फ्रान्समधल्या लियों शहरात पडलं. एतियेन म्युलसां (१७९७–१८८०) हा तिथला ग्रंथपाल. फ्रान्सच्या ढालकिड्यांवर त्याने १८४६ मध्ये आणि जगभरच्या ढालकिड्यांवर १८५० मध्ये ग्रंथ लिहिले. त्याने ठिपके बाजूला ठेवून अंग तपासलं. या किड्यांच्या पायाच्या टोकाशी तीनच पेरं आहेत असं वाटतं, चौथं इतकं बारीक की लपून राहतं. तोंडाजवळच्या मिशांसारख्या अवयवाचं शेवटचं पेर कुऱ्हाडीच्या पात्यासारखं रुंद असतं. ही खरी कौटुंबिक खूण होती. ठिपके नसलेला, काळा, राईच्या दाण्याएवढा किडासुद्धा या खुणेवरून ढालकिडा ठरतो. उलट ठिपके असलेले कितीतरी भुंगेरे ढालकिडे नसतात. बेशरमीच्या पानावर सापडणारे गोल, चमकदार भुंगेरे दिसायला अगदी तसेच, पण ते वेगळ्याच कुळातले.

मग म्युलसांने या कुटुंबाचे दोन भाग पाडले. एका भागात अंगावर केस नसलेले, गुळगुळीत. दुसऱ्या भागात अंगावर बारीक लव असलेले. कोपरच्या आपल्या दोघांना शेजारी ठेवा. रुईवरचा चकचकीत असतो, कार नुकतीच पॉलिश केल्यासारखा. वांग्यावरच्याचा रंग मळकट तांबूस आणि पाठ मॅट फिनिशची, कारण तिच्यावर लव आहे. साध्या भिंगातून ती दिसते. म्युलसांची ही विभागणी पुढे जशीच्या तशी टिकली नाही. मावा खाणाऱ्या, पिठ्या ढेकूण खाणाऱ्या कित्येक छोट्या ढालकिड्यांच्या अंगावरही लव असते. पण वांग्याच्या झाडापुरतं पाहिलं, तर मोठा, ठिपकेवाला आणि लवदार एवढ्यावरून आजही काम भागतं.

कागदावरचं नाव आणि संत्र्याची बाग

अशा याद्या करून उपयोग काय, हा प्रश्न कोणालाही पडेल. म्युलसांने १८५० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका लाल-काळ्या ढालकिड्याला कार्डिनालिस असं नाव दिलं. तो किडा जगाच्या इतिहासात जाणार आहे हे त्याला कधीच कळलं नाही.

१८८० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या संत्र्याच्या बागा एका पांढऱ्या, कापसासारख्या खवले किडीने मरायला टेकल्या होत्या. ही कीड मूळची ऑस्ट्रेलियाची. १८८८ मध्ये अल्बर्ट कोबेले हा अमेरिकी कीटकतज्ज्ञ तिचे शत्रू शोधायला ऑस्ट्रेलियात गेला आणि त्याने हाच कार्डिनालिस बोटीने पाठवला. पहिल्या खेपांत मिळून १२९ किडे पोचले. लॉस एंजेलिसमध्ये तंबू घातलेल्या एका संत्र्याच्या झाडावर ते सोडले. १८८९ संपेपर्यंत बागा वाचल्या होत्या. एका जिवाने दुसऱ्याचा बंदोबस्त करायचा, या आधुनिक जैविक कीडनियंत्रणाची सुरुवात इथून मानतात. हीच खवले कीड १९२८ मध्ये निलगिरीत सापडली तेव्हा हाच ढालकिडा तिथेही आणला गेला.

आपल्या राज्याच्या जास्त जवळची गोष्ट आहे ती म्युलसांनेच १८५३ मध्ये नाव दिलेल्या दुसऱ्या एका ऑस्ट्रेलियन किड्याची: क्रिप्टोलिमस मॉन्ट्रोझायरी. काळसर पाठ, तपकिरी डोकं, ठिपका एकही नाही. भारतात तो १८९८ मध्ये आणला, तो कॉफीवरच्या हिरव्या खवले किडीसाठी. ते काम त्याला फारसं जमलं नाही, पण त्याची खरी आवड पिठ्या ढेकूण ही निघाली. आज नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागायतदारांना हे नाव माहीत असतं, कारण द्राक्षावरच्या पिठ्या ढेकणासाठी तो बागेत सोडायची शिफारस होते.

इथेही ओळखीचा घोळ आहेच. क्रिप्टोलिमसच्या अळीच्या अंगावर मेणाचे पांढरे तंतू असतात, त्यामुळे ती हुबेहूब मोठ्या पिठ्या ढेकणासारखी दिसते. पैसे देऊन बागेत सोडलेल्या किड्यांची पिल्लं शत्रू समजून चिरडली जाऊ शकतात. फवारणीचं औषध तर कोण कोणाची अळी आहे हे विचारतही नाही.

ढालकिडे सोडले की काम झालं, असंही मात्र नाही. २००२ मध्ये सांगली भागात उसावर लोकरी मावा आला आणि पश्चिम महाराष्ट्रभर पसरला, तेव्हा त्यावर ढालकिडेही सापडले. पण तो आटोक्यात आणायला मुख्यतः उपयोगी पडले ते दुसरेच दोन मित्रकीटक, डिफा नावाच्या पतंगाची अळी आणि मायक्रोमस. ही नावं तेव्हा ऊस उत्पादकांच्या तोंडी बसली. नेमकं नाव हवं ते यासाठी. ‘मावा खाणारा किडा’ एवढ्यावर शेती चालत नाही.

ठिपके कुठून येतात

ठिपक्यांचा प्रश्न मात्र राहिला होता. एकाच जातीत ठिपके कमीजास्त का असतात? युरोपातल्या दोन ठिपक्यांच्या ढालकिड्यात लाल पाठीवर काळे ठिपके असलेले आणि काळ्या पाठीवर लाल ठिपके असलेले, दोन्ही सापडतात आणि त्यांची आपसात पिल्लंही होतात. म्हणजे लिनियसच्या रंगाच्या कप्प्यांमधून एकच जात दोन ठिकाणी पडते.

हे कोडं थिओडोसियस डोब्झान्स्कीला लहानपणापासून खुणावत होतं. १९१८ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याचा पहिला शास्त्रीय लेख प्रसिद्ध झाला, तो ढालकिड्याच्या एका नव्या जातीवर. पुढे अमेरिकेत जाऊन तो उत्क्रांतीशास्त्रातला मोठा माणूस झाला, पण ‘एकाच जातीत इतकी विविधता टिकते कशी’ हा त्याचा आयुष्यभराचा प्रश्न या पाठींवरूनच सुरू झाला होता. त्याचा चिनी विद्यार्थी तान जियाझेन याने आशियाई हार्लेक्विन ढालकिड्यावर प्रयोग केले आणि १९४६ मध्ये दाखवलं की आईबापांच्या नक्ष्या पिल्लाच्या पाठीवर एकावर एक छापल्यासारख्या उतरतात. जिथे कोणा एकाचा काळा रंग असेल तिथे पिल्लू काळं. यामागचं जनुक सापडायला २०१८ उजाडलं. दोन वेगळ्या संशोधकगटांनी त्याच वर्षी दाखवलं की या किड्याच्या ढोबळ नक्ष्या ‘पॅनियर’ नावाच्या एकाच जनुकाच्या वेगवेगळ्या रूपांमुळे बनतात.

याचा अर्थ ठिपके हे सेटिंग आहे. फोनचा वॉलपेपर बदलला म्हणून मॉडेल बदलत नाही. आणि जे ॲप फोटोतल्या रंग-ठिपक्यांवरूनच ओळख ठरवतं ते नकळत लिनियसच्याच पायरीवर उभं असतं.

आपल्या वांग्यावर तर हा प्रश्न रोजचा आहे. अठ्ठावीस ठिपकेवाल्याचा एक जुळा वाटावा असा सख्खा भाऊ आहे, डोडेकास्टिग्मा, म्हणजे बारा ठिपकेवाला. दोघंही वांगं खातात. मधल्या संख्येचे ठिपके असलेलेही सापडतात, म्हणून तज्ज्ञ शेवटी नराचे जननावयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच निर्णय देतात.

यादीतून वगळलेले

इंग्रजी राजवटीत ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ ही प्राण्यांवरच्या ग्रंथांची मोठी मालिका निघाली. भुंगेऱ्यांचेच कितीतरी खंड. ढालकिड्यांच्या जवळच्या नातलग कुळांवर गिल्बर्ट ॲरोने १९२५ मध्ये एक खंड लिहिला. ढालकिड्यांवर मात्र खंड निघालाच नाही. शेतीला सर्वांत जास्त उपयोगी पडणारं हे कूळ त्या कपाटात नव्हतं. स्वातंत्र्यानंतर झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या ए. पी. कपूर यांनी भारतीय ढालकिड्यांवर वर्षानुवर्षं काम केलं. पुढे ते त्या संस्थेचे संचालकही झाले.

मग २००२ मध्ये जे. पूराणी यांची भारतीय उपखंडातल्या ढालकिड्यांची सटीप यादी प्रसिद्ध झाली. त्यात ७९ आडनावांखाली ४०० जाती आहेत. बेंगळुरूच्या कृषी कीटक संस्थेत काम करताना त्यांनी फोटोंसह ही माहिती वेबसाइटवरही सगळ्यांसाठी खुली ठेवली. इथे वाचकाने एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्या यादीच्या शीर्षकातच लिहिलं आहे की पानं खाणारा गट यात घेतलेला नाही. म्हणजे चारशेमध्ये रुईवरचा आहे, वांग्यावरचा नाही. कारण साधं आहे, तो गट मोठा आणि वेगळा अभ्यास मागणारा. पण यातून एक समजूतही दिसते. तेव्हा पानं खाणाऱ्यांना ढालकिड्यांचं एक स्वतंत्र उपकूळ मानत. जपानच्या हिरोयुकी सासाजी यांनी १९६८ मध्ये सहा उपकुळं मांडली होती, त्यातलं एक या पानखाऊंचं. घरातलेच, पण चूल वेगळी.

ही वेगळी चूल अलीकडे मोडली. २००७ मध्ये ॲडम श्लिपिन्स्की यांनी शरीररचनेवरून दोनच उपकुळं पुरेशी आहेत असं मांडलं. त्यानंतर डीएनएवर आधारलेले वंशवृक्ष आले. त्यांनी दाखवलं की पानं खाणारे ढालकिडे बाजूला उभे नाहीत, ते मांसाहारी ढालकिड्यांच्याच मोठ्या उपकुळात आतमध्ये बसतात. या कुळाचे पूर्वज बहुधा खवले किडी खाणारे होते. मावा खाणं नंतर आलं, पानं खाणंही नंतर आलं. काहींनी तर तिसरीच वाट धरली. इलेइस सिंक्टा हा पिवळा ढालकिडा पानांवरची भुरी, म्हणजे बुरशी, खातो. भोपळ्याच्या भुरी पडलेल्या पानावर तो दिसला तर त्याला मारायचं कारण नाही.

आज जगात या कुळाच्या ६,००० हून जास्त जाती माहीत आहेत. त्यातल्या बहुतेक शिकारी, आणि एक शाखा शाकाहारी. मित्र आणि शत्रू ही आपण शेताच्या बांधावरून लावलेली लेबलं आहेत. वंशवृक्षात ती लेबलं नाहीत, तिथे फक्त नाती आहेत. पण नाती नीट कळली तरच बांधावर कोणाला काय म्हणायचं हे ठरवता येतं.

कंसातलं नाव

कुंडीतल्या वांग्यापुरतं सांगायचं तर आधी अळी बघा. शिकारी ढालकिड्याची अळी लांबट, काळपट, छोट्या मगरीसारखी, सहा पायांवर भराभर पळणारी. वांग्यावरच्याची अळी पिवळी, जाडसर, अंगभर फांद्या फुटलेले काटे, आणि ती पान खरवडत एका जागी बसलेली. अंडी मात्र दोघांचीही पिवळी, उभी, घोळक्याने घातलेली असतात. त्यांना हात लावण्याआधी जवळपास मावा आहे की पानाची जाळी झालीय हे पाहावं. जाळी झालेली पानं दिसली, तर थोड्या झाडांसाठी अळ्या आणि अंडीपुंज हाताने वेचून टाकणं हा उपाय सोपा आणि जुना आहे. त्याने रुईवरच्या शिकाऱ्यांवर औषध उडत नाही.

आणि इंटरनेटवर शोधताना नावं नीट वाचा. रुईवरचा काही लेखांत मेनोकिलस सेक्समॅक्युलाटस म्हणून सापडेल, काहींत किलोमेनेस सेक्समॅक्युलाटा म्हणून. किडा एकच, आडनाव दोनदा बदललेलं. वांग्यावरचा जुन्या शेतीपुस्तकांत एपिलॅक्ना आहे, नव्या नोंदींत हेनोसेपिलॅक्ना. हे आडनाव १९६१ मध्ये आलं. एकाच नावाने शोधलं तर निम्मी माहिती हातातून जाते.

शास्त्रीय नावापुढे कधी नाव देणाऱ्याचं नाव आणि वर्ष कंसात असतं, कधी कंसाशिवाय. हा छपाईतला फरक नाही, नियम आहे. कंस नसेल तर जातीचं आडनाव पहिल्यापासून तेच आहे. कंस असेल तर ते नंतर कोणीतरी बदललं आहे. सात ठिपकेवाला अजून लिनियसने दिलेल्याच घरात राहतो, म्हणून: कॉक्सिनेला सेप्टेमपंक्टाटा लिनियस, १७५८. कोपरच्या वांग्यावरच्याचं पूर्ण नाव असं लिहितात: हेनोसेपिलॅक्ना विजिंटिऑक्टोपंक्टाटा (फॅब्रिशियस, १७७५). ठिपके मोजून दिलेलं नाव तसंच आहे, आडनाव बदललं आहे, आणि ते बदलल्याची नोंद त्या दोन छोट्या कंसांत आहे.